नाल्यापलीकडची तेलुगू

महिपतनं हायस्कूल सोडलं त्या दिवशी घरात रडारड झाली नाही की आरडाओरड झाली नाही. पोरगं नेरडीगोंड्याहून पायी आलं, दप्तर खुंटीला अडकवलं, गोठ्यातले बैल सोडले आणि रानाच्या वाटेला लागलं. राहीबाई भाकरी थापत होती. तिनं आवाज दिला तर ते म्हणालं, "मास्तर बोलते तं मले पत्रा वाजल्यावानी वाटते, माय. आवाज येते, समजत काईच नाई."

बाप फकिरा ओट्यावर बसून दोर वळत होता. "बरं झालं," तो म्हणाला. "वखरावर मानूस पाह्यजेच होता."

गावात हे नवं नव्हतं. गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, घरात मराठी पण सरकार तेलुगू. गावची शाळा मराठी आणि तीही पाचवीपर्यंतच. सहावीला नेरडीगोंड्याचं तेलुगू हायस्कूल. जूनमध्ये पोरं नवे सदरे घालून बसमध्ये चढायची आणि कापूस फुटायच्या आत एकेक करून परत यायची. मागच्या बाकावर मुक्यासारखं बसून बसून त्यांचा जीव विटायचा. घरी कोणी मारायचं नाही, कारण शेतात हात लागतच होते. वामनराव मास्तर तेवढे हळहळायचे. नांदेडकडून येऊन त्यांनी सारी नोकरी याच गावात काढली होती. "मी पोरगं वेशीपर्यंत आणून सोडतो," ते म्हणायचे, "अन् ते वेशीतच बसते."

महिपतच्या पाठची मथुरा तेव्हा तिसरीत होती. पाढे घडाघडा म्हणायची, पाटीवर अक्षर काढायची ते मोत्यासारखं. तिला बघितलं की राहीबाईच्या मनात एकच यायचं. ही पण अशीच परत येणार, आणि हिला तर बैलही राखायला मिळणार नाहीत. हिचं लग्न होईल.

राहीबाईला स्वतःला तेलुगू येत होती, आणि ती तिला कोणी शिकवली नव्हती. तिचा बाप बेज्जूरच्या जंगलात बांबूच्या कटाईवर मुकादम होता. लहानपणची काही वर्षं ती तिथल्या पालांत राहिली. मजुरांची पोरं तेलुगू बोलायची. त्यांच्याबरोबर मोहाची फुलं वेचताना, खेकडे धरताना, झाडावर चढताना ती भाषा अंगाला चिकटली, कुसळं चिकटतात तशी. म्हणून महिपतला समोर बसवून तिनं शब्द पाठ करून घेतले होते, तेव्हा तिला नवल वाटलं होतं की याच्या डोक्यात ते का राहत नाहीत. महिपत शाळा सोडून आल्यावर तिला उमगलं. तिनं पोराला शब्द दिले होते, रान दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी धुणं घेऊन ती गावामागच्या नाल्यावर गेली, तेव्हा मथुराला बरोबर नेलं. मथुराच्या मागे गल्लीतली आणखी पोरं आली. राहीबाईनं धुणं दगडावर टाकलं आणि पोरांना सांगितलं, "आयका. नाल्याच्या या काठावर आपली मराठी. पानी वलांडून तिकडं गेलं का तेलुगू. तिकडं जो मराठी बोलन तो मुका. त्यानं त्या काळ्या दगडावर बसाचं. दुसऱ्यानं तेलुगूत हाक मारल्याबिगर उठाचं नाई."

"अन् हागाले लागली तं?" एका पोरानं विचारलं.

"तं तेलुगूत विचारजो."

पोरं हसून लोटपोट झाली आणि खेळ सुरू झाला. राहीबाई ओरडायची, "मोदुगाकु!" की सगळी पळसाचं पान आणायला पळत. "येपाकु!" की कडुलिंबाकडे. "उरुकु!" म्हटलं की धावायचं, "दूकु!" म्हटलं की पाण्यात उडी. सुरुवातीला मुक्यांचा दगड भरून जायचा. पुढे पोरं पळता पळता भांडू लागली, आणि भांडण तेलुगूत होऊ लागलं तेव्हा राहीबाईनं हातातलं धुणं थांबवून ते ऐकलं. पावसाळ्यात नाला भरला की खेळ कापसाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर यायचा. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातल्या वाळूत.

गावानं चेष्टा केलीच. शेजारची गयाबाई पाण्याला जाताना म्हणायची, "काय वो राहीबाई, पोरायले माकडं करून राह्यल्या का? दर आयतवारी झाडावर!"

"तुमची बयना पाठवा ना, गयाबाई."

"आमची बयना लहान हाये अजून. तिले शेंबूड पुसता येऊ द्या."

यशवंतराव मात्र चेष्टा करत नव्हते. गावचे मोठे शेतकरी, वयानं पिकलेले, निजामाच्या राज्यात चार यत्ता उर्दू शिकलेले. एकदा ते धुऱ्यावर थांबून म्हणाले, "आमच्या टायमाले उर्दू आली, आमी उर्दू शिकलो. मंग तेलुगू आली. तुमी पोरायले शिकवा, बाई, माझी ना नाई. पर घरातली बोली घरात राहू द्या."

"घरातली कुठं जाते, काका?" राहीबाई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

मथुरा पाचवीत असताना, कापसाची वेचणी संपत आली होती तेव्हा, शाळेची तपासणी निघाली. नवे इन्स्पेक्टर येणार होते. तपासणी म्हणजे गावाला पाहुणाच. शाळा शेणानं सारवली, यशवंतरावांच्या घरून गादी-तक्क्या आला, भुईमुगाच्या शेंगा भाजून ठेवल्या. आदल्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर बोलणं निघालं की साहेबाला दाखवायचं काय. पाहुणा आला की घरातलं जे चांगलं ते त्याच्यापुढे मांडायचं, ही इथली रीत. लग्नाच्या बोलणीलाही लोक आधी बैलजोडी दाखवतात. पाढे तर सगळ्याच गावांत म्हणतात.

यशवंतराव म्हणाले, "साहेब तेलुगूवाला हाये म्हनते. राहीबाईचा खेळ दाखवा. त्याले बी कळू द्या, आमच्या गावची पोरं अडानी नाईत."

वामनराव मास्तरांनी मान डोलावली. राहीबाईला तर त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद.

साहेब तरुण होते, हसऱ्या तोंडाचे. त्यांना नाल्यावर नेलं. पोरांनी पाणी ओलांडलं आणि पलीकडे नुसता कलकलाट उठला. मथुरानं तेलुगूत साहेबांनाच हाक मारली, की काठावर उभे राहून काय होतं, इकडे या! साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दगडांवरून पाय टाकत ते पलीकडे गेले. पळसाचं पान आणायच्या शर्यतीत ते शेवटी आले. पोरांनी त्यांना काळ्या दगडावर बसवलं. गाव टाळ्या वाजवत होतं. जाताना ते राहीबाईला म्हणाले, "अम्मा, बहुत अच्छा काम किया आपने," आणि यशवंतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला शिकवून त्यांनीच मोठं केलं होतं.

उन्हाळ्यात वामनराव निवृत्त झाले. जूनमध्ये त्यांच्या जागी तेलुगू मास्तर आला. जिल्ह्यात मराठी मास्तरांची टंचाई होती, आणि साहेबांनी आपल्या मतानं भलं म्हणूनच तपासणीच्या अहवालात लिहिलं होतं, की या गावच्या पोरांना तेलुगू उत्तम येते, इथं मराठी मास्तराची गरज नाही.

मथुरा नेरडीगोंड्याला जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात राहीबाई रोज बसच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभी राहायची. पोरगी उतरताना तोंड कसं आहे ते आधी बघायची. एके दिवशी मथुरा उतरली ती हसतच. "माय, मास्तरनं विचारलं अन् म्या सांगितलं. समद्या वर्गात म्या एकलीनं."

पण गावातल्या शाळेत पहिलीची लेकरं मुकी झाली. काल आईच्या पदराला धरून बोबडं बोलणारी लेकरं आज अशा मास्तरापुढे बसली, ज्याला त्यांचं 'पानी' समजत नव्हतं. तो बिचारा वाईट नव्हता. पण तो खडूनं अक्षर काढी आणि लेकरं खिडकीबाहेर बघत. गयाबाईची बयना तर शाळेच्या नावानं रडून रडून ताप काढायची. पूर्वी पोरं पाचवीनंतर परत यायची. आता ती पहिलीतूनच परत येऊ लागली.

राहीबाईनं लहानग्यांना नाल्यावर नेऊन पाहिलं. तिनं "मोदुगाकु!" म्हणताच बयना तिच्या लुगड्यामागे लपली. "काय झालं गं? खेळ हाये ना हा."

"खेळ नाई," बयना म्हणाली. "शाळा हाये."

आता गाव चेष्टा करत नव्हतं. गाव बोलतच नव्हतं. विहिरीवर राहीबाई गेली की बायका घागरी उचलायच्या. गयाबाई एकदा पाठमोरी बोललीच, "स्वताची पोरगी बसमंदी बसवली, आमच्या लेकरायची शाळा खाल्ली." फकिरानं घरी फक्त एवढंच विचारलं, "आता?"

पोळ्यानंतर यशवंतराव घरी आले. त्यांनी अर्जी तयार केली होती. आमच्या मुलांना तेलुगू येत नाही, मराठी मास्तर मंजूर व्हावा. सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले होते.

"तुमाले संग यावं लागन, बाई. साहेबानं तुमालेच पाह्यलं हाये. तुमी सांगसान की येत नाई, तंच थो मानन."

"पर येते ना, काका."

यशवंतरावांनी अर्जीची घडी घातली. मग म्हणाले, "खेळ दाखवा म्हनून म्याच सांगितलं होतं. माझी बी चूकच. पर म्या चूक कबूल केली म्हनून साहेब फिरत नाई."

शेवटी राहीबाई त्यांच्याबरोबर गेली. ऑफिसात साहेबांनी तिला लगेच ओळखलं. खुर्चीतून अर्धे उठलेच. त्यांनी तेलुगूत विचारलं, पोरं कशी आहेत, ती धीट पोरगी हायस्कुलात गेली का. प्रत्येक शब्द तिला समजला. उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं मान खाली घातली.

साहेबांनी पुन्हा विचारलं, हळू, लहान मुलाला विचारावं तसं. राहीबाईनं यशवंतरावांकडे बघितलं, जणू काही समजलंच नाही.

"अम्मा?" साहेब म्हणाले.

"पोरायले तेलुगू येत नाई, साहेब," ती मराठीत म्हणाली. "तो पाठ केलेला खेळ होता. मले बी तेवढेच शब्द येते."

यशवंतरावांनी ते हिंदीत सांगितलं. साहेब हसायचे थांबले. "मैं खुद पानी में उतरा था," ते म्हणाले. अर्जी ओढून घेतली, त्यावर काहीतरी लिहिलं, आणि राहीबाईकडे न बघता ती शिपायाकडे दिली.

बसमध्ये यशवंतराव खालच्या आवाजात म्हणाले, "आता नाल्यावर पोरं दिसली नाई पाह्यजे, बाई. कोनी जाऊन सांगितलं तं अर्जी खोटी पडते."

रात्री मथुरा दिव्याजवळ तेलुगू पुस्तक उघडून बसली होती. तिच्या कानावर आलंच होतं. "माय, तू साहेबाले काय सांगितलं?"

"सांगितलं की येत नाई."

"कोनाले येत नाई?"

"कोनालेच."

मथुरानं पुस्तक मिटलं. "मंग मी उद्या त्या वर्गात कशी बसू? तिथं कोनी म्हनलं, तुह्या मायनं असं सांगितलं, तं?"

राहीबाईनं दिव्याची वात पुढे सारली. "तू बोलत राहाजो," ती म्हणाली. "तू बोलली का कोनी विचारत नाई." सकाळी मथुरा गेली, पण बसमध्ये चढताना तिनं मागे वळून हात केला नाही. तो तिनं पुढे कधीच केला नाही. दहावी पास होऊन ती आदिलाबादला शिकायला गेली, तिथेच नर्सबाई झाली. मायलेकी बोलत होत्या, पण त्या दिवसाविषयी नाही.

दिवाळीनंतर मराठी मास्तर आला, किनवटकडचा. लेकरांची तोंडं उघडली, शाळेतून पुन्हा पाढे ऐकू येऊ लागले, विहिरीवर बायका राहीबाईला जागा देऊ लागल्या. नाल्याच्या काठी मात्र आता फक्त गुरं उतरायची. आणि पाचवी झालेली पोरं पहिल्यासारखीच नेरडीगोंड्याला जाऊन पहिल्यासारखीच परत येऊ लागली. राहीबाई फाट्यावरून येणारं पोर बघायची आणि नजर वळवून कामाला लागायची. यशवंतरावांनी बसमध्ये सांगितलेलं ती पाळत होती.

काही वर्षांनी बयनाही सहावीला गेली आणि दसऱ्याच्या आधी घरी आली. गयाबाई तिला घेऊन थेट राहीबाईच्या दारात उभी राहिली. आता तिच्या बोलण्याला धार नव्हती. "तुमची मथुरा बरी शिकली वो," ती म्हणाली. "माह्या पोरीचं काय ते सांगा. हिचा बाप सोयरीक पाहून राह्यला."

राहीबाईनं घरात बघितलं. फकिरा दोर वळत ऐकत होता. तिनं कोपऱ्यातली टोपली उचलली. "शेंगा उपटायले मानूस पाह्यजे मले," ती गयाबाईला म्हणाली. "बयनाले पाठवता?"

शेत गावापासून लांब, सागाच्या रानाला लागून होतं. दोघी एका ओळीत बसून भुईमूग उपटू लागल्या. टोपली अर्धी भरली. मग राहीबाईनं एक वेल झटकला, शेंगा लटकत होत्या, तो बयनापुढे धरला आणि हळूच तेलुगूत विचारलं, हे काय आहे?

बयनाला तेवढा शब्द येत होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण उत्तर देण्याआधी ती अर्धवट उठली आणि तिनं धुऱ्याकडे, वाटेकडे, सागाच्या झाडांकडे बघून घेतलं, कोणी ऐकत तर नाही ना.