मामांना न मिळालेलं उत्तर

आमचे मामा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरले की माल बघायच्या आधी तराजूच्या ताटलीखाली हात घालायचे, कुठे चुंबक चिकटवलंय का बघायला. पुढे मामा निवृत्त झाले, हात मात्र नाही झाला. माझा नवरा पहिल्या भेटीत कमी बोलला, म्हणजे काहीतरी लपवतोय, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. आता माझी मुलं कॉलेजात जातात, तरी त्यांचं मत तेच आहे.

अशा माणसाची बायको रविवारी सकाळी उठून कुठेतरी जायला लागली, तेव्हा घरात काय झालं असेल ते सांगायला नकोच.

मामी जायची ती एका छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. तिथे नाना तऱ्हेची माणसं जमत. कुणी देव मानणारी, कुणी न मानणारी, कुणी आपला धर्म सोडून आलेली, कुणी दोन-दोन धर्म सांभाळणारी. खुर्च्या गोल मांडायच्या आणि एकाने उठून आपण सध्या काय खरं मानतो ते सांगायचं. भिंतीवर तसबीर नाही, पोथी नाही, गुरू नाही. मामांच्या मते गोम तिथेच होती. काहीच नाही, तर मग ही माणसं जमतात कशाला?

त्यातून तिथला एक नियम त्यांना कळला आणि संशय पक्काच झाला. सांगणाऱ्याला कुणी उत्तर द्यायचं नाही आणि त्यानेही कुणाला द्यायचं नाही. शंका नाही, शाबासकी नाही, जिन्यात गाठून ‘छान बोललात’ म्हणणंसुद्धा नाही. सगळे थोडा वेळ गप्प बसतात आणि मग खुर्च्या मिटतात. मामा म्हणाले, तपासणी नको असलेले लोक मी आयुष्यभर पाहिलेत.

मामीने सभासद व्हायचं ठरवलं. त्यासाठी तिला एका रविवारी सांगायला उभं राहावं लागणार होतं. मामांनी लगेच मला बोलावून घेतलं, गाडी घेऊन ये म्हणाले. वरवर त्यांचं म्हणणं असं, की हे लोक गोड बोलून घर लिहून घेतील. मी म्हटलं, ते घर घेऊन कुणी करणार काय, गळती काढता काढता म्हातारे होतील. मामा हसले नाहीत. स्वयंपाकघराचं दार लोटून घेत हळूच म्हणाले, “हल्ली ती अंथरूण घालताना गुणगुणते. मला काही विचारत नाही. मनाने गेलीच आहे गं, आता फक्त निघायची राहिलीय.”

मामांना असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

रविवारी हॉलवर पोचताच मामांनी पडदा सरकवून बघितला, कपाटाचं दार ओढून बघितलं. देणगीची पेटी दाराच्या मागे कोपऱ्यात सापडली. मागायला लाजतात म्हणजे आकडा मोठा असणार, असं माझ्या कानात पुटपुटले. जाड चष्म्याच्या एका बाईंनी त्यांना खुर्ची दिली. त्या खुर्चीचेही पाय त्यांनी हलवून बघितले.

मग मामी उभी राहिली. हातात पदराचं टोक होतं, पण आवाज ठाम होता.

“देव आहे की नाही, मला माहीत नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं हात जोडले ते भीतीने. आमच्या घरात काहीही बोललं की ते तपासलं जातं. कुणी सांगितलं, कशावरून, कधी. होता होता मी पुरावा असेल तेवढंच बोलायला लागले. देवाशीसुद्धा. आता पुरावा नसलेलं काहीतरी खरं मानून बघायचंय मला.”

ती खाली बसली. सगळे गप्प झाले. आणि मला ज्याची धास्ती होती तेच झालं, मामा उठले.

“आणि मी?” त्यांनी विचारलं. “माझ्याबद्दल काय मानतेस तू?”

कुणी त्यांना खाली बसा म्हणालं नाही. कुणी वळूनही बघितलं नाही. मामीने मात्र त्यांच्याकडे बघितलं, चांगलं निवांत बघितलं. पण नियम तो नियम, ती काही बोलली नाही. मामा बराच वेळ तसेच उभे होते, मग आपले आपणच बसले.

मामी सभासद झाली, घर जागच्या जागी राहिलं, तीही राहिली. महिन्याभराने मामांचा फोन आला. ती अजून त्यावर काही बोललेली नाही, म्हणाले.

मी वैतागले. “मामा, तो नियम हॉलमधला आहे. घरी विचारा की तिला.”

“घरी विचारलं तर ती सांगेल.”

“मग सांगू दे ना.”

“सांगेल,” ते म्हणाले, “आणि मग मी ते तपासत बसेन.”