संतरी बदली

पलटणीत पहारेकऱ्याला संतरी म्हणतात. मी नागपूरचा, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझी थट्टा ठरलेली. 'नागपूरचा संतरी, सोलून खा' असं आमचे सुभेदार साहेबही म्हणायचे. मी लान्सनायक मेश्राम. पंधरा वर्षं नोकरी केली आणि त्र्याहत्तर साली पेन्शनवर नागपुरात, इंदोऱ्याच्या घरी आलो. ही हकीकत लढाईची कमी आणि झोपेची जास्त आहे.

संतरीची पाळी दोन तासांची. वेळ झाली की जाऊन पुढच्या माणसाला उठवायचं. त्याचीही रीत आहे. खांद्याला हात लावायचा नाही, झोपलेला सैनिक दचकून गळाच धरतो. पायाशी उभं राहून अंगठा ओढायचा. तो पोस्टवर आला की त्याला रिपोर्ट द्यायचा: काय दिसलं, काय ऐकलं, काय घडलं. मग तो म्हणतो, "संतरी बदली." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय जुन्या संतरीची ड्यूटी संपत नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची कंपनी पश्चिम सीमेवर एका कालव्याच्या बंधाऱ्यावर होती. पोस्ट नंबर तीन. माझी पाळी रात्री दोन ते चार. चार ते सहा शिपाई वासुदेवची. वासुदेव भिवापूरचा, मिरची पिकवणाऱ्या घरातला, वय तेवीस. लंगरची, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातली, भाजी त्याला कायम फिकी लागायची. घरून आलेलं तिखट तो खिशात पुडी करून बाळगायचा आणि मी नको म्हटलं तरी माझ्या ताटात टाकायचा.

चार वाजता मी पोस्टमागच्या झोपायच्या बंकरमध्ये गेलो आणि त्याचा अंगठा ओढला. पाय तव्यासारखा तापला होता. दोन दिवसांपासून ताप होता आणि पठ्ठ्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

"उठलो भाऊ," तो म्हणाला. "पाच मिनिटं."

"झोप गा. तुही पाळी मी करतो."

"तुमाले झोप नाई येऊन राहिली का?"

"झोप म्हटलं ना."

हे नियमाविरुद्ध होतं. गार्ड कमांडरला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. माझं कांबळं त्याच्या अंगावर टाकलं आणि पोस्टवर परत आलो.

चार चाळीसला गोळे सुरू झाले. तिसरा गोळा बंकरवर पडला. वायरलेसवर ऑपरेटर बोलत होता, ते मला ऐकू येत होतं.

"बंकर तीन, डायरेक्ट हिट. ओव्हर."

"कॅजुअल्टी? ओव्हर."

"एक. ओव्हर."

माझ्या पोस्टला ओरखडाही आला नाही. मी त्याला उठवलं असतं तर तो तिथे उभा असता आणि बंकरमध्ये मी असतो. मी जागचा हललो नाही. सहाला पुढे सरकायचा हुकूम आला आणि सगळी कंपनीच निघाली. मला बदली द्यायला कोणी आलं नाही.

पलटणीत होतो तोवर निभावलं. रात्रीची ड्यूटी मी मागून घ्यायचो. लोक म्हणायचे, मेश्राम कामाचा माणूस. घरी आल्यावर मात्र सोंग उघडं पडलं. नऊला आडवा व्हायचो आणि उजाडेपर्यंत दाराकडे बघत राहायचो. बायकोने, सुलोचनाने, जायफळ घातलेलं दूध दिलं. काशाच्या वाटीने तळपाय घासले. डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्यांनी डोकं जड झालं, डोळा मिटला नाही. शेजारी म्हणाले, पेन्शनवाल्याला चिंता कसली? मी हसायचो. आतून मी संपत चाललो होतो. मेलो तर निदान झोप तरी लागेल, असंही मनात यायला लागलं. सैनिकाने असं लिहू नये, पण खरं आहे.

मी एका ठेकेदाराचा विटांचा ट्रक चालवत होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामटेकच्या रस्त्याला सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, स्टिअरिंगवर माझा डोळा लागला. धक्क्याने जागा झालो तेव्हा ट्रक धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरून धुऱ्याच्या बांधाला अडला होता. समोर चार हातांवर चौघी बाया धान कापत होत्या. त्यातली एक म्हातारी विळा खाली ठेवून माझ्याजवळ आली. शिव्या देईल म्हणून मी मान खाली घातली. तिने एवढंच विचारलं, "भाऊ, बरं हाये ना तुमाले?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकाला झोपू देऊन मारलं होतं, आता स्वतः झोपून चौघींना मारणार होतो.

ठेकेदार भला माणूस. त्याने आरडाओरडा केला नाही. आठ दिवस घरी राहा म्हणाला, माणसासारखा झोपून ये, नाहीतर चाबी ठेवून जा. मलाही ते पटलं. आठ दिवसांत झोप आली नाही तर मी स्वतःच पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नव्हतो, आणि ट्रक सोडून मला दुसरं काही येत नव्हतं.

पाच दिवस गेले. रोज मी डोळे मिटून पडायचो आणि पुन्हा ते कालव्याचं पाणी दिसायचं. सहाव्या दिवशी दुपारी जेवणानंतर बाजेवर जेमतेम वीस मिनिटं ग्लानी आली. जागा झालो तर सुलोचना घरात नव्हती. तासाभराने घामाघूम होऊन आली आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. पिशवीत डझनभर संत्री.

"बदलवून आनले," ती म्हणाली. "फळवाला आयकतच नव्हता. मी चांगली भांडली त्याच्याशी."

"काहून बदलवले वं?"

"तुमीच तं झोपीत म्हनून राहिले होते, संत्री बदला, संत्री बदला. म्हटलं, कालचे आंबट निघाले असतीन. तुमी तोंडानं सांगत नाई काही."

मला हसू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी पोट धरून हसलो, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. ती घाबरली. मग मी तिला सगळं सांगितलं: अंगठा, ताप, कांबळं, चार चाळीस. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ती पिशवीजवळ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि एकच गोष्ट विचारली, की बदली देणाऱ्याने काय म्हणायचं असतं.

त्या दिवशी नऊ वाजता तिने कोपऱ्यातली माझी काठी उचलली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"द्या रिपोर्ट," ती म्हणाली.

मी थट्टेवर नेणार होतो, पण माझे पाय आपोआप जुळले.

"पोस्ट नंबर तीन," मी म्हणालो. "चार वाजता संतरी बदली झाली नाही. चार चाळीसला गोळा पडला. शिपाई वासुदेव..."

ती काठी धरून तशीच उभी राहिली.

"सांगा," ती म्हणाली.

"शिपाई वासुदेव शहीद. मी त्याले उठवलं नाही."

"आयकलं," सुलोचना म्हणाली. "संतरी बदली. झोपा आता."

मी आडवा झालो. तिला म्हटलं, चार वाजता उठव. काहून, असं तिने विचारलं नाही. पुढचं मला आठवत नाही, म्हणजे मला झोप लागली.

नवव्या दिवशी मी कामावर गेलो. ट्रक पुढे बरीच वर्षं चालवला आणि पुन्हा कधी रस्ता सोडला नाही. रोज नऊला मी रिपोर्ट देतो, ती पोस्ट घेते आणि पाच मिनिटांत घोरायला लागते. पलटणीत हा मोठा गुन्हा. घरात मी तो माफ केला आहे.

चार वाजता मात्र तिला बरोबर जाग येते. ती माझ्या पायाचा अंगठा ओढते आणि मी पहिल्या झटक्यालाच उठतो. कांबळं पांघरून अंगणात जातो आणि सहा वाजेपर्यंत तिथे उभा राहतो. चार ते सहा ही वासुदेवची पाळी आहे.