वहाब सुताराने नाव बुडवली

इसम नामे वहाब वल्द सैफुद्दीन, धंदा सुतार, राहणार रिसोड, उमर अंदाजे पन्नास, डाव्या अंगठ्यास नख नाही. दरसाल उन्हाळ्यात चालू नाव जाणूनबुजून नदीत बुडवतो. सराईत. नावेजवळ फिरकू देऊ नये. सन १९३४.

ठाण्याच्या वहीतल्या या नोंदीतले एकही वाक्य खोटे नाही.

पैनगंगेच्या उतारावरून लोकांना पल्याड नेणारी ती एकुलती नाव वहाबचीच, त्यानेच बांधलेली. सागाच्या फळ्या, सांध्यांत ठोकलेले तागाचे पेड, वर राळ आणि जवसाच्या तेलाचा लेप. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येते आणि उन्हात लाकूड आक्रसून सांधे उघडतात. म्हणून होळी झाली की वहाब नावेत दगड भरून ती डोहात बुडवी आणि मृगाला वर काढी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, म्हणून कोणी कोणाला कधी सांगितले नव्हते.

नवे फौजदार डोहावर मासे धरायला गेले, तर तळाशी धडधाकट नाव. नावाडी जगदेवला विचारले. तो भाबडेपणाने म्हणाला, हो, बुडवतो दरसाल, आमीबी दगड भरू लागतो. वहाबबरोबर त्यालाही आत घेतले.

वहाबला कारण सांगता आले असते. पण त्याची जीभ रंध्याहून धारदार. काहून बुडवली, असे विचारताच तो म्हणाला, "माही नाव, म्या बुडवली. तुमची टोपी त नाही ना बुडवली?"

मग मारोतराव पाटलांनी येऊन कारण सांगितले, ते फौजदारांनी बनाव म्हणून ऐकले.

नाव मुद्देमाल झाली. बैलगाडीवरून आणून ठाण्याच्या आवारात, भर वैशाखात, उघड्यावर ठेवली. आवारात एक चिंच होती. तिच्या सावलीत फौजदारांचा घोडा बांधत. वहाबची बायको मेहरबी रोज घागर आणून नावेवर ओती. शिपायाने तिला हाकलले. मुद्देमालाशी छेडछाड.

कोठडीत वहाबला फळ्या तडकताना ऐकू येत. शिव्या संपल्या होत्या.

"साहेब, मले कोंडा पाह्यजे तितकं. नाव तेवढी डोहात टाका. फुटून राह्यली."

आरोपी अजून नाव बुडवायचेच बोलतो आहे, असे फौजदार म्हणाले.

बुडवलेल्या मालाचा मालक आरोपीच निघाल्याने मृगाच्या तोंडी दोघांना सोडले. तोवर फळ्यांमधून हात आरपार जात होता.

त्या पावसाळ्यात त्या उतारावर नाव नव्हती.