आर्लीन स्ट्राउडचा सव्वादोन इंची पट्टा

आर्लीन स्ट्राउडला बर्फ किती पडलंय असं विचारलं, तर ती उंची सांगत नाही, वजन सांगते. टिंबर फोर्कमधल्या लोकांना याची सवय आहे. इथले पुरुष बर्फ गुडघाभर की कमरेइतकं यावर बोलतात. आर्लीन म्हणते, "हलकं आहे," किंवा "ओलं झालंय, जड आहे," आणि कॉफी घेऊन निघून जाते.

ती सत्तावीस हिवाळे हॉब्ज खिंडीतलं बर्फ मोजते आहे. जानेवारी ते मे, दर महिन्याच्या एक तारखेला. ॲल्युमिनियमची नळी बर्फातून जमिनीपर्यंत खुपसायची, आत अडकलेल्या बर्फासकट काट्याला टांगायची, त्या वजनावरून त्यात पाणी किती ते लिहायचं. अशा दहा जागा. खाली खोऱ्यात उन्हाळ्यात कोणाच्या कालव्याला किती पाणी सोडायचं, ते याच आकड्यांवर ठरतं. गेल्या शरद ऋतूत पाणी खात्याचं पत्र आलं होतं. माणूस पाठवून मोजायच्या जागा कमी करायच्या आहेत. या हिवाळ्यात एक जरी नोंद चुकली तरी हॉब्ज खिंड यादीतून वगळण्यात येईल. तिच्या आधी हे काम करणाऱ्यांच्या धरून साठ वर्षं सलग नोंदी आहेत.

जानेवारीच्या मध्यावर तिच्या स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावरच्या गाडीचा, खालचा रबरी पट्टा फाटला. गाडी जुनी, पट्टा तिच्याहून जुना वाटावा असा. आतले सहा दात मुळापासून उखडले आणि एका कडेला वीतभर चीर गेली. सांधण्यात अर्थ नव्हता. एक फेब्रुवारीला सोळा दिवस होते.

गॉर्डी पेल्कीचं दुरुस्तीचं दुकान पेट्रोल पंपाच्या मागे आहे. त्याने गाडीवरच्या चकतीवरून नंबर घेतला, पुस्तकात पाहिलं आणि एकशे छप्पन इंच लांबीचा पट्टा मागवायला फोन उचलला. आर्लीनने त्याला थांबवलं. खिशातून खडू काढून ती गाडीशेजारी जमिनीवर बसली, फाटका पट्टा हाताने फिरवत, उखडलेल्यांच्या जागा धरून आतला एकेक दात मोजला आणि दर दहाव्याला खूण केली. चोपन्न भरले. दोन दातांमध्ये तीन इंच, म्हणजे लांबी एकशे बासष्ट. आधीच्या मालकाने मागचा सांगाडा बदलून लांब बसवला होता आणि चकती मात्र जुनीच राहिली होती. चुकीचा पट्टा आला असता तर तो परत पाठवून दुसरा येईपर्यंत फेब्रुवारी उजाडला असता. गॉर्डीने नवा आकडा लिहून घेतला. त्याने पुस्तक मिटलं.

वाद झाला तो पुढे, पात्यांच्या उंचीवरून. पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूची ही रबरी पाती बर्फाला मागे रेटतात. आमच्या गावात ती तीन इंचांची असली तरच माणूस डोंगरात जातो असं मानतात. आर्लीनने सव्वादोन मागितली.

"सव्वादोन?" गॉर्डी म्हणाला. "आर्लीन, तुला खिंडीत जायचंय की पोस्टात?"

"पत्र पोस्टातूनच आलंय ना तिला. तिकडेच जात असेल," वेड लिंडक्विस्ट म्हणाला. हा लाकूडतोडीचा ठेकेदार हिवाळ्यात दुकानातल्या शेगडीजवळची खुर्ची सोडत नाही.

"वेड, गेल्या हिवाळ्यात तुझी तीन इंचवाली गाडी मी किती वेळा उकरून काढली?"

"दोनदा."

"तीनदा. एकदा बायकोला सांगू नकोस म्हणालास, ती वेळ तू धरत नाहीस."

मग तिने वही काढली. सत्तावीस हिवाळ्यांच्या एकशे पस्तीस फेऱ्या. त्यांतल्या चोवीस वेळा वाटेत भुसभुशीत, हलकं बर्फ होतं. बाकी सगळ्या वेळी वाऱ्याने कडक झालेलं किंवा वितळून पुन्हा गोठलेलं. कडक बर्फावर उंच पाती वाकतात, मग मुळाशी चिरतात. शिवाय तिचं इंजिन लहान आहे, तीन इंची पाती फिरवताना त्याचा दम निघाला असता. आणि ती पाती वरच्या पत्र्याला घासली असती. ते टाळायला आतली चाकंही बदलावी लागली असती. हे शेवटचं गॉर्डीला ठाऊक होतं, पण आजवर कोणी सव्वादोन मागितलंच नव्हतं, त्यामुळे बोलायची वेळ आली नव्हती. त्याने पट्टा मागवला. वेड म्हणाला, त्या चोवीस वेळांचं काय?

अठ्ठावीस जानेवारीला पट्टा बसला. एकोणतीसला बर्फ सुरू झालं. दोन दिवसांत बेचाळीस इंच, पिठासारखं. वेड स्वतः तिच्या दारात आला. माझी गाडी घेऊन जा म्हणाला, आणि हे तो चेष्टेने म्हणत नव्हता. आर्लीनने त्याचे आभार मानले आणि नाही म्हणाली. तिच्या हाताला त्या गाडीची सवय नव्हती.

एकतीसला सकाळी ती निघाली ती मोजायला नाही, वाट दाबायला. सरळ चढ सोडून ओढ्याकाठच्या झाडीतून, लांबच्या वळणाने. थोडं वर जायचं, मागे यायचं, त्याच चाकोरीत पुन्हा वर. शेवटच्या चढाखालून ती दुपारी परतली. दाबलेलं बर्फ थंडीत एका रात्रीत घट्ट होतं, दुसऱ्या दिवशी त्यावर गाडी रस्त्यावरून गेल्यासारखी जाते. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. एका कामाला दोन दिवस द्यायची तयारी मात्र कोणाची नसते.

एक तारखेला वाट घट्ट झाली होती. ती तासाभरात शेवटच्या चढाखाली पोचली. पुढचे तीनशे यार्ड दाबलेले नव्हते. पट्टा दोनदा रुतला. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. गाडी उभी केली, पायांना बर्फात चालायच्या जाळ्या बांधल्या, नळी खांद्यावर घेतली आणि चाळीस मिनिटं चालत वर गेली. दहा जागा मोजल्या. सरासरी उंची अठ्ठ्याऐंशी इंच, वितळलं तर पाणी साडेबावीस इंच. दुपारी दोनला आकडे खात्याकडे गेले. फोनवरच्या बाईंनी दुसरा आकडा पुन्हा विचारून घेतला, कारण एवढ्या बर्फात पाणी त्यांना कमी वाटलं. आर्लीनने सांगितलं, बर्फ नवं आहे, हलकं आहे.

गॉर्डी म्हणाला, तीन इंची असता तर वरपर्यंत नेलं असतं.

"नेलं असतं," आर्लीन म्हणाली. "एप्रिलमध्ये परत कोणी आणलं असतं?"

मार्च आणि एप्रिल, दोन्ही वेळा वाटेत बर्फ कडक होतं. एक मेला वाटेत निम्मा चिखल होता आणि वर बर्फ दगडासारखं. नळी जमिनीपर्यंत पोचवायला ती तिच्यावर अक्षरशः लटकली. परतल्यावर गॉर्डीने गाडी जॅकवर घेऊन पट्टा फिरवून पाहिला. सगळी पाती शाबूत होती. त्याने तसं तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि आकडे कळवायला दुकानातला फोन मागितला. त्या हिवाळ्यातली ती पाचवी, शेवटची नोंद होती; एकही चुकली नव्हती.