कुसुमचं बोलणं

मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले होते. जिन्याखाली तक्रारपेटी होती. अशा पेट्या आता सगळ्याच शाळांत असतात, पण इथे मधल्या सुट्टीत एक बाई ती खरोखर उघडून चिठ्ठ्या वाचत होत्या. मग त्या पाचवीच्या वर्गात गेल्या आणि एकट्या बसलेल्या मुलीशेजारी बाकावर टेकल्या. "चिडवणाऱ्या मुलींशी मी आजच बोलते," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि उद्या परत येऊन तुला विचारते."

मला कुसुम आठवली. सातवीत ती माझ्या शेजारी बसायची. बोलताना अडखळायची, आणि सगळा वर्ग तिची नक्कल करायचा. मीही हसायचे. एकदा धीर करून ती आमच्या बाईंकडे गेली. "तू लक्षच देऊ नकोस," बाई वही तपासता तपासता म्हणाल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर कुसुम शाळेत आलीच नाही.

तिचं लग्नानंतरचं नाव मला ठाऊक नाही, गावही नाही. तरी ती एकदा भेटावी असं फार वाटतं. माफी मागेनच. पण त्याहून जास्त, तिचं एखादं वाक्य पूर्ण होईपर्यंत मला गप्प बसून ऐकायचं आहे.