ढकलत नेलेली जीप

त्या सकाळी माझी जीप बिघडली नव्हती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

आमचं गाव हिंगोली आणि वाशीमच्या मधे, रुळाच्या कडेला. स्टेशन होतं, पण बहुतेक गाड्या धूळ उडवून पुढं निघून जायच्या. रुळावर विजेच्या तारा ओढल्या आणि नव्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा अख्खं गाव फलाटावर जमलं होतं. इंजिन आलं कधी न् गेलं कधी, कळलंच नाही. "धूर न्हाई, बोंब न्हाई, ही गाडी हाय का मांजर?" असं एक म्हातारबा बोलले आणि नारळ तसाच परत घेऊन घरी गेले.

पुढं काही महिन्यांनी नवी गाडी सुरू झाली. सकाळी वाशीमकडे जाणारी, संध्याकाळी परत येणारी. तिला आमच्याकडे थांबा मिळाला, पण प्रायोगिक. माणसं चढली तर थांबा राहणार, नाही चढली तर जाणार.

शेजारच्या बंजारा तांड्याचा नाईक, म्हणजे तिथला मुखिया, तेव्हापासून झोपेना. त्याच्या पोरीला वाशीमला नर्सिंगला प्रवेश मिळालेला. थांबा गेला तर पोरीचं शिक्षण गेलं, कारण दुसरं साधन म्हणजे माझी जीप, आणि माझी जीप भरल्याशिवाय हलत नसे. नाईकानं गावच्या बैठकीत तोड काढली.

"कॅनालच्या पाण्याला पाळी लावतो ना आपण? तशी गाडीला लावू. ज्याची पाळी त्यानं तिकीट काढून बसायचं. काम असो का नसो."

गावानं ते फारच मनावर घेतलं. माणसं उगाच वाशीमला जाऊन संध्याकाळपर्यंत बाजारात बसू लागली. एकानं तर एका आठवड्यात तीनदा दाढी करून घेतली. "आता कातडं राहिलं फक्त," बायको म्हणायची त्याला. सासू-सुनेची पाळी एका दिवशी आली की दोघी वेगवेगळ्या डब्यात बसायच्या.

मला सगळे विचारायचे, "तुमचं कसं हो आता?"

"मला काय तकलीफ?" मी हसून म्हणायचो. तकलीफ होती. तांडा ते गाव ते वाशीम, एवढीच माझी दुनिया होती, आणि ती गाडी रोज डोळ्यांदेखत माझी सवारी उचलून नेत होती.

मग कळलं की किती माणसं चढतात ते बघायला रेल्वेचे साहेब येणार. त्या दिवशी पाळी तांड्याची. नाईकानं मलाच सांगितलं, "बराबर टायमाला ये. तुझ्याच भरवशावर हाय."

मी तांड्यावर मुद्दाम उशिरा पोचलो. जीप भरली, आत, टपावर, मागच्या दांडीला लटकून. पुढं माझ्याशेजारी नाईकाची आई, गुडघ्यानं अधू. उरलेले मागून चालत. अर्ध्या वाटेवर मी इंजिन बंद करायची खुंटी हळूच ओढली. जीप दोन आचके देऊन थांबली.

"काहून थांबली?"

"डिझेलात हवा धरली वाटतं नाईक. आता काही खरं न्हाई."

आता चालत निघाले तरी गाडी चुकणार, असा माझा हिशोब. बॉनेट उघडून मी उगाच इकडं-तिकडं हात घातले. तेवढ्यात नाईक शांतपणे म्हणाला, "आमच्या वाडवडलांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातला. रस्त्यात बैल बसला तर त्याला टाकून तांडा पुढं जात नव्हता. चला रे, हात लावा."

मी म्हटलं, "अहो, जीप राहू द्या, तुमी चाला."

"तुला असं उन्हात एकटं सोडू? येडा का खुळा?"

तांडा जीपला भिडला. बायकांनी गाणं धरलं. नाईक ओरडला, "गिअर टाक, धक्क्यानं चालू होईल!"

"गिअर अडकलाय!" हे माझं दुसरं खोटं. नाईकाची आई माझ्याकडं बघत म्हणाली, "लेकरा, तू बी उतरून ढकल की."

"मग स्टेरिंग कोण धरणार, याडी?" तांड्यात आईला याडी म्हणतात, मीही तसंच म्हणायचो.

"मी धरते. त्यात काय एवढं?"

मागून हशा पिकला. चढावर पोरी मोठ्यानं हाका घालत होत्या, उतारावर धापा टाकत हसत होत्या. मी बसून होतो आणि घामानं भिजलो होतो.

स्टेशन दिसलं तेव्हा गाडी फलाटावर उभी होती, त्या दिवशी नेमकी उशिरा आलेली, निघण्याच्या बेतात. पांढऱ्या शर्टातले साहेब आमच्याकडं बघत राहिले: एक जीप, आत एक म्हातारी राणीसारखी बसलेली, आणि मागं गात-ढकलत येणारा तांडा. साहेबांनीच गार्डाला थांबायचा हात केला.

"ये लोग रोज ऐसे आते हैं?"

"न्हाई साहेब," नाईक दम खात म्हणाला, "रोज जीप चालू असते."

साहेब हसले. स्वतः हात देऊन त्यांनी म्हातारीला डब्यात चढवलं. गाडी गेल्यावर मी जीपला किल्ली दिली, ती पहिल्याच फटक्यात चालू झाली. बघायला कोणी नव्हतं.

थांबा कायम झाला. त्या दिवशी गावानं गाडीच्या ड्रायव्हरला हार घातला, स्टेशन मास्तरांना घातला, आणि तिसरा मला. नाईक सगळ्यांसमोर म्हणाला, "जीप मेली तरी ह्यानं आमाला सोडलं न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजला.

माझंही काही बुडालं नाही. आता मी लांबलांबच्या तांड्यांवरून माणसं स्टेशनावर आणतो आणि जीप पूर्वीपेक्षा जास्त भरते. नाईकाची पोरगी शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी फलाटाकडं पळता पळता "काका, येते" म्हणते. मी हात हलवतो.

नाईकाच्या दारात बसून, त्याच्या तोंडाकडं बघून, त्याला खरं काय ते सांगणं हे माझ्यावरचं देणं आहे. इथं लिहिलं म्हणून ते फिटत नाही. अजून सांगितलेलं नाही.