हॉलच्या भिंतीवरचे दोन पट्टे

कोऱ्हाळ्यातलं आमचं नवं घर रंगाला आलं, तेव्हा पेंटरनं हॉलच्या भिंतीवर दोन पट्टे मारून दाखवले. एक हस्तिदंती, एक फिकट बदामी. "ठरवा आन फोन करा," म्हणाला आणि दुसऱ्या कामावर गेला.

आमचे हे म्हणाले, "दोन्ही एकच तर हायती. कुठलाबी मार म्हणावं."

"एकच? डोळं हायती का बटणं?" माझं डोकंच फिरलं. खरं सांगायचं तर उजेड उतरला की मलाही फरक कळत नव्हता. पण माघार घेईन तर ती मी कसली!

आमची अशी जुंपलेली असायची आणि सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, भिंत चाचपत शेजारून जायच्या. एक डोळा कधीचाच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. मागं तापल्या तव्यावर त्यांचा पंजा टेकला, तेव्हापासून मी त्यांना गॅसजवळ फिरकू देत नव्हते. जन्मभर घराला भाकरी घातलेली बाई दारात नुसती बसून राहायची. रंगाचं विचारलं तर म्हणायच्या, "कुठलाबी द्या बाई, मला काय त्येचं." माझा जीव तुटायचा.

मग इंदापूरला त्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, खात्री देता येत नाही. पट्टी काढली तर म्हणाल्या, "धुरकट दिसतंय." घरी आल्या आल्या मी देव पाण्यात घातले.

पथ्य संपेपर्यंत घरात कुणी डोळ्याचा विषय काढला नाही. पेंटरचे तेवढे फोनावर फोन. एका सकाळी हे वैतागले, "आता मीच सांगतो त्याला, कुठलाबी मार."

"सांगून तर बघा!" मी कडाडले.

तेवढ्यात आत्या आतून आल्या. हात भिंतीला नव्हता. पट्ट्यांसमोर थांबून म्हणाल्या, "भांडताय कशाला? ह्यो ज्वारीच्या पिठावानी हाय, आन त्यो गव्हाच्या."

मला रडूच फुटलं. कसंबसं विचारलं, "आत्या, कुठला लावू?"

"ज्वारीचा लाव. आन परात काढ. आज भाकरी मी थापणार हाय."

हे अजून भिंतीला नाक लावून फरक शोधत होते. मी डोळे पुसत परात काढायला पळाले.